कुंडीची निंदा कोण करतो?

मराठी समीक्षेत ‘कुंडीतले झाड’ ही एक शिवी झालेली आहे. कविता आटोपशीर असेल, अनुभव चार भिंतींच्या आतला असेल, तर तिला ‘कुंडीतली’ म्हणायचे आणि निकाल देऊन मोकळे व्हायचे. चर्चासत्रांत हेच ऐकू येते आणि आमच्याकडे तपासायला येणाऱ्या उत्तरपत्रिकांतही हेच उतरलेले असते. उलटपक्षी ‘मातीत रुजलेले’ हे प्रशस्तिपत्र ठरते. ते मिळाले की पुढे शब्दकळा, रचना, लय यांकडे पाहण्याची गरज उरत नाही. देशीवादाच्या मूळ मांडणीशी आमचा येथे वाद नाही. आमचा वाद या रूपकाशी आहे. ते वापरणारे बहुतेक जण कुंडीकडेही पाहत नाहीत आणि शेताकडेही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरात रोपे वाढवणे हा शहरी मध्यमवर्गाने उसना आणलेला छंद आहे, हा या निंदेचा पहिला आधार. तो टिकत नाही. नवरात्रात आपल्याकडे देवघरात घटाभोवती माती पसरून धान्य पेरतात. नऊ दिवसांत त्याची रोपे तरारून वर येतात. उजेड कमी असल्याने त्यांच्यात हरितद्रव्य नीट तयार होत नाही, म्हणून ती पिवळसर दिसतात. आणि उजेडाच्या शोधात उंच, नाजूक वाढतात. दसऱ्याला हेच धान टोपीत, फेट्यात खोचले जाते. ज्या कृषिसंस्कृतीची साक्ष काढून कुंडीला हिणवले जाते, तिच्याच मानाच्या सणात घरात उगवलेली ही फिकट रोपे डोक्यावर मिरवतात. दारातल्या तुळशीविषयी वेगळे सांगायला नको. वृंदावन म्हणजे तरी काय? बांधून काढलेली कुंडीच.

दुसरा आधार अधिक गंभीर आहे. जे उपटून दुसरीकडे लावले ते मुळापासून तुटले, असे मानले जाते. कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल. भाताचा तरवा एका जागी वाढवतात, मग तो उपटून, जुड्या बांधून, चिखलणी केलेल्या खाचरांत लावतात. मातीतले साहित्य म्हणून ज्याचा गौरव करायचा त्या जीवनाचे मुख्य अन्नच स्थलांतरित रोपांतून येते. खिडकीत मिरचीचे वा टोमॅटोचे बी पेरणाऱ्यालाही हे ठाऊक असते. आधी दोन बीजपत्रे उघडतात. त्यांचा आकार पुढच्या पानांसारखा नसतो. खरी पाने फुटली की रोप हलवायचे. हलवताना ते खोडाला धरायचे नाही, पानाला धरायचे; कारण पान गेले तर दुसरे येते, कोवळे खोड चेपले तर रोपच जाते. उघड्यावर न्यायचे तर उन्हाची सवय काही दिवस थोडी थोडी करावी लागते. म्हणजे रुजणे ही जन्मजात मालमत्ता नाही. ती एक क्रिया आहे, आणि जागा बदलल्यावर ती नव्याने करावी लागते.

आमचा खरा आक्षेप मात्र याहून पुढचा आहे. ‘आपल्या मातीत रुजा’ असे सांगताना ती माती कोणाच्या मालकीची होती, हा प्रश्न आपण विचारत नाही. गावाच्या जमिनीत ज्यांना जातीने वाटाच दिला नाही, त्यांच्या वंशजांना मुळांची महती कोणत्या तोंडाने सांगायची? गिरणगावातल्या चाळींत तेलाच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून तुळस नाही तर कोरफड लावली जाई. गाव सोडून आलेल्या माणसाची शहरातली जमीन तेवढीच होती. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तो मुंबईच्या वस्तीतून, कोणाच्या वडिलोपार्जित शिवारातून नव्हे. कुंडी ही भूमिहीनाची जमीन आहे. तिची टवाळी करणारी समीक्षा नकळत सातबाराची भाषा बोलत असते.

इंग्रजी साहित्यातही कुंडीवर असा राग निघालेला आहे. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९३६ सालच्या ‘कीप द ॲस्पिडिस्ट्रा फ्लाइंग’ या कादंबरीचा नायक गॉर्डन कॉमस्टॉक आपल्या भाड्याच्या खोलीतल्या ॲस्पिडिस्ट्राचा द्वेष करतो. ते त्याला मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचे प्रतीक वाटते. तो त्याला पाणी देत नाही, खोडावर सिगारेटी विझवतो, तरी ते मरत नाही. शेवटी संसार मांडताना तोच हट्टाने ॲस्पिडिस्ट्रा घरी आणवतो. याला शरणागती म्हणता येईल. पण सामान्य माणसे अशा झाडांच्या आधाराने आपली माणुसकी सांभाळून असतात, हे उशिरा आलेले भानही तेथे आहे. आपली समीक्षा गॉर्डनच्या पूर्वार्धातच अडकून पडली आहे.

कुंडीची बाजू घेणाऱ्या सर्वांशी आमचे जुळते असेही नाही. बाजार तिची भलावण करतो ती ‘हवा शुद्ध करणारे झाड’ म्हणून. या दाव्याच्या मुळाशी नासाचा १९८९ सालचा अभ्यास आहे. तो लहान, बंदिस्त पेट्यांत झाला होता. अशा प्रयोगांचा २०१९ साली फेरआढावा घेतला गेला तेव्हा दिसले, की घरातल्या नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील. तेव्हा हाही पक्ष झाडाकडे पाहत नाही. समीक्षकाला त्यात दोष हवा असतो, बाजाराला गुण. रोप दोघांनाही नको असते. मराठीतल्या ‘निसर्गकविते’ला एका हाताने फुले वाहायची आणि दुसऱ्या हाताने खिडकीतल्या निसर्गाला खोटे ठरवायचे, ही विसंगती येथूनच येते.

आमची मागणी मोठी नाही. कविता फसली असेल तर कोणत्या ओळीत फसली ते दाखवा. प्रतिमा उसनी असेल तर कोठून उसनी आहे ते सांगा. आणि यापुढे कोणी विद्यार्थ्याने ‘कुंडीतली कविता’ असे लिहिले, तर गुण देण्यापूर्वी आपण अध्यापकांनी समासात तीन प्रश्न लिहावेत: कोणते झाड, कोणाची कुंडी, आणि पाणी कोण घालतो?