आवाज शोधायचे किती घ्याल?

सेकंडहँड गाडी घेतलेल्या प्रत्येकाकडे एक आवाज असतो. गाडीच्या किमतीत धरलेला नसतो, फुकट मिळतो. कुणाची खट-खट, कुणाची घर्र-घर्र. आणि मंडळी, तो आवाज प्रत्यक्ष न ऐकता छातीठोक निदान करणारे निदान चार मित्र प्रत्येकाला असतातच. हल्ली त्यात इथेनॉलची भर पडली आहे. काहीही वाजलं की 'ई-२० पेट्रोल!' म्हणून मोकळं व्हायचं. (इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, म्हणजे इंजिनातलं नॉकिंग उलट कमी व्हायला हवं. मायलेज आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप हा वेगळा तंटा आहे, त्यात आज पडत नाही.)

माझं मत असं, की हे आवाज सापडत नाहीत याला मेकॅनिकचं अज्ञान फारसं जबाबदार नाही. आपण पैसे पार्ट बदलायचे देतो, शोधायचे देत नाही. मग बदललंच जाणार ना!

उदाहरण घरचंच देतो. वडिलांसाठी वाशिमला एक आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली, एम.एच. ३७ पासिंग. आईला दर पंधरा दिवसांनी अकोल्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. वाशिम, मालेगाव, मेडशी, पातूर, अकोला असा ऐंशीएक किलोमीटरचा रस्ता, मध्ये घाट. पावसाळ्यात गाडीच्या पुढच्या बाजूने टक-टक सुरू झाली. मी पुण्यात. दर रविवारी फोनवर मला ती ऐकवली जायची. वडिलांना गाडीची काळजी, आईला वडिलांची, मला दोघांची.

काळजी उगाच नव्हती. एकाच 'टक-टक'च्या मागे काहीशे रुपयांचा लिंक रॉड असू शकतो, तो महिनाभर थांबला तरी चालतं. लोअर आर्मचा बॉल जॉइंट असू शकतो. तो निखळला तर चाक आडवं होतं आणि गाडी ऐकत नाही, घाटात तर विचारूच नका. इंजिनाच्या पोटातलं बेअरिंग असू शकतं, म्हणजे गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च. कानाला सगळं सारखंच.

एका मोठ्या वर्कशॉपने गाडी दिवसभर ठेवली आणि पुढचे दोन्ही शॉकअप बदलून नऊ हजारांचं बिल दिलं. आवाज गेला! दहा दिवसांनी परत आला. वर्कशॉपचं म्हणणं, 'आवाज गेला होता म्हणजे शॉकअपच होते, हा आता दुसरा आवाज आहे.'

आपल्या धंद्यात हा युक्तिवाद रोज ऐकू येतो. सर्व्हर रीस्टार्ट केला, चाललं, टिकेट बंद. इलाज लागू पडला म्हणून निदान बरोबर होतं असं सिद्ध होत नाही, हे आपल्याला पगार घेऊन शिकवलेलं असतं.

या बाबतीत टॉमस मिजली या अमेरिकन इंजिनिअरची गोष्ट मला फार आवडते. १९१६ साली तो चार्ल्स केटरिंगच्या डेटनमधल्या प्रयोगशाळेत इंजिनातल्या नॉकिंगच्या मागे लागला होता. इंधन लाल असेल तर उष्णता जास्त शोषेल आणि ठोके थांबतील अशी त्याची कल्पना. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता म्हणून त्याने आयोडीन टाकलं. ठोके थांबले! दुसरा कुणी असता तर लाल रंगाचं पेटंट घ्यायला पळाला असता. याने खरे लाल रंग आणून टाकून पाहिले, एकही चालला नाही. मग आयोडीनचंच रंगहीन संयुग टाकलं, ते चाललं. म्हणजे रंगाचा संबंधच नव्हता. (याच माणसाला पुढे १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती सापडली आणि जगाने ते विष अनेक दशकं हुंगलं. भारतातलं शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. पण तो निबंध वेगळा.)

तर गाडी. दिवाळीत गावी गेलो तेव्हा मालेगावला रस्त्याकडेच्या एका गॅरेजवर नेली. मेकॅनिक तिशीतला. मी आवाजाचं वर्णन सुरू केलं तर त्याने हात वर केला. "दादा, कवा येते ते नोका सांगू. कवा येत नाई ते सांगा."

मी जरा गार पडलो. वडील विचार करून म्हणाले, "नागपूरला जाताना समृद्धीवर येत नाही."

मग त्याने गाडी उभी ठेवून रेस केली. आवाज नाही. उतारावर न्यूट्रल करून सोडली, आवाज चालूच. म्हणजे इंजिन सुटलं. स्पीडब्रेकरवरून सरळ नेली, दोन्ही चाकं एकदम चढली, तरी शांत. डांबराच्या कडेवरून एकच चाक खाली उतरवलं, टक! पुन्हा उतरवलं, पुन्हा टक. आता आवाज त्याच्या मुठीत होता. आमच्याकडे काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे रस्त्याच्या कडा खचतात आणि एकच चाक खड्ड्यात जातं. समृद्धीच्या गुळगुळीत काँक्रीटवर ही वेळच येत नाही.

तरी त्याने लगेच लिंक रॉडला हात घातला नाही. "आधी जिवाचं पाहू, मंग पैशाचं," म्हणत जॅक लावला आणि टॉमीने बॉल जॉइंट दोन्हीकडून रेटून बघितले. घट्ट होते. मग लिंक रॉड धरून माझ्याच हाताने हलवायला लावला. डावा खुळखुळत होता.

दोन्ही चाकं एकदम वर गेली की आडवा स्टॅबिलायझर बार नुसता फिरतो, लिंक रॉडवर ताण येत नाही. एकच चाक गेलं की बार पिळला जातो आणि झिजलेला सांधा वाजतो. मग शॉकअप बदलल्यावर दहा दिवस शांतता का? कारण या गाडीत लिंक रॉड शॉकअपलाच जोडलेला आहे. शॉकअप काढताना तो सुटला आणि बसवताना पुन्हा कसून आवळला गेला. शॉकअपचा संबंध मिजलीच्या लाल रंगाइतकाच!

बिल: दोन लिंक रॉड अकराशे, मजुरी तीनशे. बसवायला पंचवीस मिनिटं लागली. शोधायला पन्नास लागली होती, त्यांची किंमत शून्य.

हेच काम आपण 'रूट कॉज ॲनालिसिस' म्हणून तासाच्या हिशोबाने डॉलरमध्ये लावतो. :-) वडिलांना म्हटलं, याला शोधायचे वेगळे देऊ. ते म्हणाले, "पाहायचे कसले पैसे?" मी म्हटलं, अकोल्याचे डॉक्टर औषध बदललं नाही तरी तपासायची फी घेतातच ना? त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पटलेलंही दिसलं नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. शोधायची फी सुरू झाली की शोधण्याचं नाटक करणारेही निघतील. म्हणून माझी अट सोपी आहे: आवाज हवा तेव्हा काढून दाखव, ढिला पार्ट माझ्या हातात दे, मग पाचशे घे. पार्ट मी कुठूनही आणीन. नऊ हजारांच्या शॉकअपपुढे हा सौदा वाईट नाही, आणि ज्याला खरंच ऐकू येतं त्याला पार्ट खपवायची गरज राहत नाही.

त्या मेकॅनिकला म्हटलं, अशी पाटीच लाव. तो हसला. "पाटी लावली तं गिऱ्हाईक बाजूच्या गॅरेजात जाईन, दादा." मी पाचशेची नोट पुढे केली. त्याने दोनशे ठेवले आणि तीनशे परत दिले, वडिलांचं लक्ष नाही असं बघून.