समुद्राला मिळणारं पाणी वाया जात नाही

परवा वर्गात म्हादईचा विषय निघाला. नवलगुंदचा एक मित्र म्हणाला, "तुमच्या जंगलातलं पाणी फुकट समुद्रात जातंय आणि आमची शेतं कोरडी. वळवलं तर कुणाचं काय जातंय?" मी खानापूर तालुक्यातला. म्हादई आमच्याच देगावच्या रानात उगम पावते. त्याला तेव्हा उत्तर सुचलं नाही, ते आता देतोय.

आधी एक कबूल करतो. त्याचं दुःख खोटं नाही. १९८० च्या आंदोलनात नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्यात. पण मलप्रभेचं पाणी कालव्याच्या टोकाला पोचत नाही, याला म्हादई जबाबदार आहे का? ज्वारी-कापसासाठी आखलेल्या पाण्यावर वरच्या भागात ऊस उभा राहिला, त्यावर कुठला पुढारी बोलतो?

आता 'कुणाचं काय जातंय' ते सांगतो. माझी आत्या गोव्यात दिवाडी बेटावर दिलीय. घरची खाजन शेती. खाडीकाठी मातीचा बांध, त्यात मानस, म्हणजे भरतीला मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं लाकडी दार. एका वर्षी बांध फुटला, खारं पाणी शिरलं आणि पुढचे दोन हंगाम भात धड आलं नाही.

बांध शेत राखतो, पण नदीला कोण राखतं? वरून येणारं गोडं पाणी. मांडवीत भरती मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत चढते. पावसाळ्यात नदीचा लोंढा खाऱ्या पाण्याला मागं रेटतो. उन्हाळ्यात धार बारीक होते आणि खारं पाणी वर सरकतं. तेव्हा डोंगरातून येणारी ती बारीक धारच त्याला थोपवते. तिला वाया म्हणायचं?

लोक म्हणतील, नदीत वर्षाला सुमारे १८८ टीएमसी पाणी, त्यातलं ३.९ गेलं तर काय बिघडलं? अहो, हा हिशेब पुराच्या चार महिन्यांवर उभा आहे. एप्रिलमधल्या नदीचा हिशेब मांडा की! आणि लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला मलप्रभेकडं वळवायला दिलेलं हे ३.९ टीएमसी पिण्यासाठी आहे. मग सभेत 'शेताला पाणी देतो' म्हणणारे कुणाला फसवताहेत?

गोव्याचे पुढारीही धुतल्या तांदळासारखे नाहीत. म्हादईला आई म्हणायचं आणि खनिजाच्या बार्जच्या लाटांनी बांध खचताना गप्प बसायचं, याला प्रेम म्हणत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवंच. पण वळवायचं तर भर पावसाळ्यातच. त्यानंतर एक थेंबही नाही. २०२३ साली मंजूर झालेल्या 'प्रवाह' प्राधिकरणाने नदीचा रोजचा प्रवाह आणि खाडीतला खारेपणा दोन्ही मोजून लोकांसमोर मांडावेत. आणि कणकुंबीत सुनावणी घ्यावी, मराठीतसुद्धा. ज्यांच्या रानातून कालवा खणला, त्यांना कागद वाचता तरी यायला हवा.

मित्रांनो, दोन राज्यांच्या भांडणात टाळ्या वाजवणं सोपं आहे. आपण उगमाजवळचे, आपले पैपाहुणे खाली खाडीकाठी आणि वर्गमित्र पलीकडं मलप्रभेकाठी. दोघांचं ऐकून बोलायची जबाबदारी आपल्यावर जास्त आहे.

आणि नवलगुंदच्या दोस्ता, मे महिन्यात चल माझ्याबरोबर दिवाडीला. मांडवीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखून बघ. मग आपण दोघं मिळून विचारू, तुझ्या कालव्यातलं पाणी नेमकं कुठं मुरतंय ते.