स्क्रॅम्बलर करा, पण चेसिस कापू नका

पंधरा वर्षे वापरलेली स्प्लेंडर, जुनी सीबीझेड किंवा गोठ्यात पडून असलेली बुलेट घेऊन गिऱ्हाईक दारात येते आणि मोबाइलवरचा फोटो पुढे करते : ‘अशी करून द्या.’ फोटोत बहुधा ट्रायम्फची स्क्रॅम्बलर ४०० एक्स असते किंवा २०२२ मध्ये आलेली येझदी स्क्रॅम्बलर. वर घेतलेला सायलेन्सर, गोट्यांचे टायर आणि सपाट सीट एवढेच गिऱ्हाइकाला दिसते. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरजेच्या गॅरेजवाल्यांना त्यापलीकडचे पाहावे लागते.

हा प्रकार मुळात गरजेतून जन्मला. १९२४ मध्ये इंग्लंडमधील कॅम्बर्लीच्या माळावर ‘स्क्रॅम्बल’ नावाची शर्यत झाली आणि तेव्हापासून स्पर्धक साध्या रस्त्याच्या गाड्या हलक्या करून चिखलात घालू लागले. दगडाला आपटू नये म्हणून नळी वर गेली, चिखल अडकू नये म्हणून मडगार्ड चाकापासून लांब गेले. १९६२ मध्ये होंडाने सीएल ७२ आणून हेच रूप कारखान्यातून विकायला काढले. प्रत्येक बदलामागे जमिनीचे कारण होते.

तेच कारण सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत शोधायला हवे, आणि ते तालुक्यागणिक बदलते.

पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या पट्ट्यात धो धो पाऊस, तांबडी माती आणि घाट. तिथल्या गाडीचा पहिला खर्च ब्रेकवर व्हावा : नवे लायनर, घासलेला ड्रम लेथवर साफ, केबल नवी. पुढचे स्प्रॉकेट एका दाताने कमी केले तर चढाला गाडी दम धरते. वाळवा, पलूस, मिरजेच्या काळ्या रानात चिकणमाती टायर आणि मडगार्डमध्ये गच्च बसून चाक अडवते. इथे उंच मडगार्ड खरोखर उपयोगाचे. माण, खटाव, आटपाडी, जतकडे मात्र शत्रू धूळ. तिथे एअरबॉक्स काढून नुसता उघडा फिल्टर लावणे म्हणजे पिस्टन-सिलिंडरला पॉलिशपेपर लावणे. शिवाय हवा वाढली की मिश्रण पातळ होते आणि मेन जेट न बदलल्यास इंजिन तापते. एअरबॉक्स जागेवरच राहू द्यावा.

टायरबाबतही डोळे उघडे हवेत. कारखान्यावर ऊस घालणाऱ्याची गाडीसुद्धा बहुतेक वेळ डांबरावरच पळते आणि ओल्या डांबरावर मोठ्या गोट्यांचा टायर कमी धरतो. मध्यम नक्षीचा, दोन्ही रस्त्यांना चालणारा टायर बरा. मूळ अरुंद रिमवर जाडजूड टायर चढवला तर त्याचा आकार बिघडतो आणि तो चेनला किंवा चिमट्याला घासू लागतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती मागचे शॉकअप लांब टाकल्यावर. मागची बाजू उचलली की पुढचा फोर्क जास्त उभा होतो, ट्रेल घटते, हँडल हलके पडते आणि यवतेश्वरचा घाट उतरताना गाडी वळवळते. चेन चिमट्याच्या पुढच्या टोकाला घासते, साइड स्टँड तोकडा पडतो. उंची वाढवायचीच असेल तर पुढे-मागे सारखी वाढवावी. त्याआधी कोनसेट आणि चिमट्याचे बुश बदलावेत.

सीट आखूड दिसावी म्हणून चेसिसची शेपटी ग्राइंडरने कापण्याची पद्धत मात्र थांबली पाहिजे. शॉकअपचा वरचा भार तिथेच जवळ येतो. वेल्डिंगचा सांधा महिनाभर टिकतो, पुढे खड्ड्यात तडकतो. बोल्टने बसणारी, काढता येणारी कामेच हाती घ्यावीत.

कायद्याचेही म्हणणे असेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. मागे बसणाऱ्यासाठी पकड, पाय ठेवायला जागा आणि मागचे चाक निम्मे तरी झाकणारे संरक्षण केंद्रीय नियम १२३ नुसार लागते. ‘साडीगार्ड काढून टाका’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हा नियम दाखवावा. रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी, मग पासिंग एमएच १०, ११ असो की ५०. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवलेले बरे.

काही गाड्यांना हातच लावू नये. यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. मूळ सुट्या भागांसह असलेली अशी गाडी कापणे हा तोट्याचा धंदा आहे. स्प्लेंडरसारख्या, भाग सहज मिळणाऱ्या गाड्या या कामाला योग्य.

म्हणून गॅरेजवाल्यांना विनंती : अंदाजपत्रकात इंजिन, ब्रेक, कोनसेट, बुश आणि वायरिंग आधी लिहा, टाकी आणि रंग शेवटी. पैसे कमी पडले तर रंग राहू द्या. काढलेला प्रत्येक मूळ भाग यादी करून गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्या आणि केलेला प्रत्येक बदल बिलावर नोंदवा.