बोनेटवरच्या नावाशी सोयरीक



जिनिंगच्या फाटकावर पिकअपची रांग लागली की आपल्यात दोन तट पडतात. एक टाटावाले, दुसरे महिंद्रावाले. लग्नाच्या बैठकीतसुद्धा माणूस इतका हटून बसत नाही.

गिअरचा अभिमान आम्हाला कळतो, तो आमचाही आहे. कापूस असो की कडबा, भरली गाडी ओल्या काळ्या मातीतून पहिल्या गिअरवर अलगद काढायची, उतारावर खालचा गिअर टाकून ब्रेक तापू द्यायचे नाहीत, हे हातानं नि कानानं शिकावं लागतं. (उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडणाऱ्याला आम्ही ड्रायव्हर म्हणत नाही.) ही विद्या आपली, कंपनीची नव्हे.

नावाच्या निष्ठेचं काय? अमेरिकेतले शेतकरीही फोर्ड की शेवरोले यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले. तरी गिऱ्हाईक घटलं तसा फोर्डने एफ-१५० मधला हाताचा गिअर २००८ च्या मॉडेलनंतर बंद केला, रॅमच्या मोठ्या पिकअपमधून तो २०१८ नंतर गेला. कंपनीने हिशेब पाहिला. आपल्याकडे महिंद्रा आणि स्वराज ट्रॅक्टरवाल्यांचं वैर अजून चालतं. स्वराजची कंपनी महिंद्राने २००७ मध्येच घेतली!

आपणही हिशेब पाहावा. व्याज किती, ॲव्हरेज किती, क्लच प्लेट तालुक्याला मिळते का? आमच्यातल्या एकाने हे न विचारता नावापायी गाडी घेतली. ऐन वेचणीत ती आठ दिवस प्लेटसाठी उभी, कापूस घरात. गडी अजून रांगेत त्याच नावासाठी भांडतो.