पालथे इंजिन, आडवे इंजिन

लोणी काळभोरला अभिकल्प आणि तंत्रज्ञान हे दोन्ही शब्द आपल्या नावात वागविणारे विद्यापीठ आहे, आणि तेथून जवळच, हडपसरला, इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरांचे केंद्र आहे. तेव्हा जुन्या हलक्या विमानांच्या इंजिनांविषयीचा एक अर्ज याच परिसरात गुदरणे अप्रस्तुत ठरू नये.

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ज्या पस मॉथ विमानातून कराचीचे टपाल जुहूला आणले, त्याच्या जिप्सी इंजिनाचे सिलिंडर खाली लोंबत असत. १९२७ची मूळ जिप्सी सरळ उभी होती. परंतु उभ्या सिलिंडरांची रांग वैमानिकाच्या दृष्टीच्या आड येते आणि पंखा जमिनीला लगटून राहतो, हे जाणून तिचा अभिकल्पक फ्रँक हाफर्डने सारे यंत्रच पालथे केले. दृष्टी मोकळी झाली, पंखा उंच गेला. तेल मात्र थांबलेल्या विमानात पिस्टनच्या कडांतून झिरपून सिलिंडरात साचू लागले, आणि स्विच बंद ठेवून पंखा हाताने फिरवून पाहिल्यावाचून इंजिन सुरू करणे म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकविण्याची तजवीज ठरू लागली. (याच हाफर्डचे पहिले सिरस इंजिन पहिल्या महायुद्धातून उरलेल्या रेनॉ इंजिनांच्या सुट्या भागांतून उभे राहिले होते; कोठारातील शिल्लक मालही अभिकल्पाला वळण देतो.)

आपले विमान-अभिकल्पक डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या एचटी-२ विमानाला १५५ अश्वशक्तीचे पालथे सिरस मेजर बसविले गेले, तर १९५८च्या पुष्पकला ९० अश्वशक्तीचे आडवे कॉन्टिनेन्टल. एचटी-२सारख्या मागे-पुढे बसण्याच्या अरुंद विमानाला एका रांगेचे इंजिन साजते, जरी मागच्या सिलिंडरला थंड वारा पोचविण्यासाठी पत्र्यांचे आडोसे घालावे लागतात. पुष्पकसारख्या शेजारी-शेजारी बसण्याच्या रुंद विमानात मात्र दोन्ही बाजूंना पसरलेल्या सिलिंडरांची रुंदी सहज सामावते, क्रँकशाफ्ट आखूड होतो आणि वारा सर्वांना जवळपास सारखा मिळतो.

हे सारे शिकविण्यास संगणकावरील आकृती पुरेशी आहे, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की आकृतीतून तेल कधी गळते काय? मुदत संपलेले इंजिन उड्डाणाला नालायक असले, तरी शिकविण्यास पूर्ण लायक असते. म्हणून फ्लाइंग क्लबांच्या चालकांना विनंती, की भंगाराचा लिलाव पुकारण्यापूर्वी त्यांनी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला एक पत्र धाडावे; आणि महाविद्यालयांनी ते इंजिन काचेच्या कपाटात न ठेवता विद्यार्थ्यांकडून खोलून घ्यावे.