घर, औषध आणि दाखला

मृग नक्षत्र लागलें कीं शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात आणि नदीकांठच्या गरिबाचे डोळे आपल्या भिंतीकडे. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगा ५५ फुटांवर चढली. धोक्याची खूण ४३ फुटांवर आहे. पाणी उतरलें, पुढारी येऊन गेले, पंचनामे झाले, धान्य वाटलें गेलें. पण भिंतींतली ओल राहिली आणि त्या ओलींत माणसें राहिलीं. पुराविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस आज या ओलीविषयीं लिहावयाचें आहे.

कुंभारवाड्यांतली एक म्हातारी डोळ्यांपुढें आणा. तिचें नांव आम्ही सांगत नाहीं, कारण अशी म्हातारी प्रत्येक वाचकाच्या शेजारीं आहे. नवरा वारला, लेक इचलकरंजीस मागावर आहे, मागची भिंत पुरानें बसली. खोकला हटेना म्हणून दवाखान्यांत गेली, तेथें थुंकी तपासून क्षय सांगितला. औषध फुकट मिळालें. ही सरकारची सोय चांगली आहे, आणि चांगल्यास चांगलें म्हणण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. क्षयरोग्याच्या खाण्याकरितां एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळूं लागले, नोव्हेंबर २०२४ पासून त्यांचे १,००० झाले. डॉक्टरनें सांगितलें, "पोटभर खा, उजेडाच्या आणि वारा खेळत्या खोलींत नीज." म्हातारीनें मान हलविली. तिची खोली एकच, तिला खिडकी नाहीं, आणि त्याच खोलींत सून व दोन नातवंडें निजतात. दवाखान्याच्या वहींत तिच्या गोळ्या लिहिल्या आहेत, खोली लिहिलेली नाहीं.

खोलीची वही ग्रामपंचायतींत. घरकुलास सरकारी अनुदान मिळतें. पण यादींत नांव पाहिजे, जागा नांवावर पाहिजे, आणि पैसा बांधकाम चढेल तसा हप्त्याहप्त्यानें येतो. जिला अंगण झाडतांना धाप लागते तिनें जोतें घालावयाचें कसें? जागा अजून सासऱ्याच्या नांवें. वारस लावावयाचा तर चार पुतण्यांच्या सह्या पाहिजेत. घरकुलाच्या यादींत खोकल्याचा रकाना नाहीं.

तिसरी वही तहसील कचेरींत. निराधारांस संजय गांधी योजना, म्हाताऱ्यांस श्रावणबाळ योजना. दोहोंचे २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये ठरले. त्यासाठीं उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला, बँकेचें खातें. आणि खात्यासाठीं अंगठा! जन्मभर माती मळून बोटांच्या रेषा झिजल्या, यंत्र तिला ओळखीत नाहीं. जिच्या हातच्या मडक्यांतलें पाणी सारा गांव प्याला, ती आपली आपणच आहे हें तिला सिद्ध करतां येत नाहीं.

प्रत्येक मेजावरचा कारकून म्हणतो, "तें आमच्याकडे येत नाहीं." तो खोटें बोलत नाहीं, आणि दुखणें नेमकें तेथेंच आहे. तीन खातीं, तीन वह्या, आणि एका वहींतलें दुसरीस वाचतां येत नाहीं. मग या तिन्ही खात्यांमध्यें टपाल वाहतें कोण? घरची सून. ती मजुरी बुडवून, एस. टी. चें तिकीट काढून, पदराला कागद बांधून हिंडते. तिला कोणी पगार देत नाहीं आणि तिच्या कष्टांची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं. दरम्यान गोळ्या घेऊनही म्हातारीच्या अंगाला मांस धरत नाहीं, आणि धाकटा नातू खोकूं लागतो.

एवढी साधी गोष्ट आपल्या कोल्हापुरास नवी नाहीं. शाहू महाराजांनीं शाळा आहेत म्हणून हात झटकले नाहींत. खेड्यांतल्या पोरास शहरांत शिकावयाचें तर निजावयास जागा आणि दोन वेळां भाकर पाहिजे, हें ओळखून १९०१ सालीं मराठा बोर्डिंग निघालें, १९०६ सालीं मुसलमान मुलांचें, १९०८ सालीं अस्पृश्य मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग. छप्पर, अन्न आणि विद्या एका जागीं आणल्या म्हणून त्या लागू पडल्या. त्याआधीं, १८९७ च्या प्लेगांत, पुण्याबाहेर माळावर डॉ. यशवंतरावांनीं दवाखाना घातला. सावित्रीबाई रोग्यांस तेथें आणीत, त्यांची शुश्रूषा करीत, आणि त्यांतच १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. रोग्यास "हें आमच्याकडे येत नाहीं" असें त्या म्हणाल्याचें कोणीं ऐकलें नाहीं.

कोणी म्हणेल, सरकारपाशीं पैसा कमी. या कामीं आम्हांस तसें वाटत नाहीं. आशा ताई घरोघर जाते, अंगणवाडी आहे, ग्रामसेवक आहे, तलाठी आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें २००५ पासून गांवोगांव आरोग्य व स्वच्छतेची समिति असावी असें ठरविलें आहे. आपल्या गांवची ही समिति शेवटची कधीं बसली, हें वाचकांनीं सरपंचांस विचारून पाहावें. पुष्कळ ठिकाणीं तिचा पत्ता सह्यांच्या वहींतच लागेल.

आणखी एक कडू गोष्ट. आपल्या बापजाद्यांस पोथी दाखवून अडविणारा परका होता, त्याच्याविरुद्ध आपण उठलों. आज दाखला अडविणारा पुष्कळ वेळां आपल्याच बोर्डिंगांत शिकलेला, आपल्याच भावकींतला असतो. अडवणूक आपल्या जातीच्या हातून झाली म्हणून ती गोड लागत नाहीं. सत्यशोधकांचा लेक खुर्चींत बसल्यावर कुंभाराच्या म्हातारीस "उद्यां ये" म्हणत असेल, तर १८७३ सालीं जोतीरावांनीं समाज काढला तो कशासाठीं?

आमचें मागणें असें. महिन्यांतून एक ठरलेला दिवस आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, तलाठी व आरोग्य केंद्राचा माणूस यांनीं चावडींत एकत्र बसावें. पुढें एकच वही असावी, आणि ती खात्यावार न लिहितां घरावार लिहावी: या घराला छप्पर कसें, आजारी कोण, कोणता पैसा थकला, आणि त्याचा पाठपुरावा कोणाकडे. ज्याच्याकडे काम, त्याचें नांव समोर लिहावें. कागद एका खात्याचा दुसऱ्यास लागला तर तो खात्यानें न्यावा, सुनेनें नव्हे. थोरल्या दवाखान्यांत बाराही तालुक्यांचे रोगी येतात. तेथून किंवा दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यांतून रोगी घरीं सुटला कीं त्याची खबर त्याच्याआधीं आशेस मिळावी. रोगाचें नांव मात्र चावडीवर वाचूं नये. क्षय म्हटलें कीं शेजारी पाणी बंद करतात आणि मुलीची सोयरीक मोडते. आणि वही थोरल्या वाड्यापासून सुरू न करतां गांवकुसाकडून सुरू करावी, नाहींतर पहिल्याच पानावर जागा संपेल.

२६ जूनला शाहू जयंती सामाजिक न्याय दिन म्हणून साजरी होईल, हार घातले जातील. आमच्या वाचकांनीं हाराबरोबर एक अर्जही लिहावा आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेंत हा ठराव मांडावा. ठराव झाला कीं नाहीं, आणि नसेल तर कोणीं अडविला, हें आम्हांस पोस्टकार्डानें कळवावें. आम्ही गांवाच्या नांवानिशीं छापूं.