शाल-श्रीफळ पुरे, आधी कागद वाचा!

मैत्रिणींनो, निरोप समारंभ आपल्याला फार छान जमतात. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या तालुक्याच्या गावात असाच एक झाला. एकवीस वर्षांची, ऑफस्पिन टाकणारी मुलगी इंग्लंडमधल्या एका क्लबकडून उन्हाळाभर क्रिकेट खेळायला निघाली होती. शाल झाली, श्रीफळ झालं, पुढाऱ्यांची भाषणं झाली. 'आपली संस्कृती विसरू नकोस', 'एकटी हिंडू नकोस', 'आईबापाच्या नावाला जप'. आमच्या गटानेही हार घातला, हे आधीच कबूल करते. कुणीतरी लाडवांचा डबा दिला. पण एवढ्या गर्दीत तिला एकीनेही विचारलं नाही, की बाई गं, तुझा व्हिसा कोणता?

व्हिसा नव्हताच. अर्जसुद्धा गेला नव्हता. क्लबचं पत्र होतं : राहायची-जेवायची सोय करू, विमानाचं तिकीटही काढू, तू खेळ आणि लहान मुलांना थोडं शिकव. ओळखीच्या एका एजंटाने सल्ला दिला होता, 'पाहुणी म्हणून अर्ज कर, खेळायचं काही लिहू नकोस.'

समारंभानंतर चार दिवसांनी आमच्यातल्या एकीने ब्रिटनचे नियम वाचायला घेतले. हौशी खेळाडूला तिथे क्लबात खेळायला पाहुण्याच्या व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. पण हौशी कोण? मागच्या दोन वर्षांत जी देशाच्या किंवा राज्याच्या संघातून खेळली, ती त्यांच्या लेखी व्यावसायिक. सतरा वर्षांखालच्या संघापासून पुढचे सगळे वयोगट यात येतात. आमची मुलगी आदल्याच हंगामात राज्याच्या तेवीस वर्षांखालच्या संघातून खेळली होती. शिवाय प्रवासाचा आणि राहण्याचा बहुतेक खर्च क्लबने उचलला, तर तोही मोबदलाच. व्यावसायिकांचा व्हिसा वेगळा. त्याला परवानाधारक क्लब लागतो आणि तिथल्या क्रिकेट मंडळाची शिफारस लागते. गावातल्या छोट्या क्लबला ते कुठून जमणार?

म्हणजे गंमत बघा. बापाच्या पैशाने जाऊन राहील ती हौशी, आणि क्लबने भाकरी दिली तर जाऊ शकेल ती व्यावसायिक! तिकडचा कायदा जिला व्यावसायिक म्हणतो, ती इकडे सरावाला एसटीने जाते आणि बुटांचे पैसे मामाकडे मागते. २००५ च्या विश्वचषकात आपला संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, तेव्हा एका सामन्याचे हजार रुपये मिळाले होते, हे मिताली राजनेच सांगितलं आहे. २०२२ मध्ये भारतीय संघातल्या मुलींना पुरुषांइतकं सामन्याचं मानधन जाहीर झालं, नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषकही जिंकला. टाळ्या आपण सगळ्यांनीच वाजवल्या. पण खालच्या पायरीवरच्या मुलीला व्हिसाचा अर्ज कोण वाचून दाखवणार, हा प्रश्न त्या टाळ्यांनी सुटलेला नाही.

आणि एजंटाचं ऐकलं असतं तर? खोटं सांगून अर्ज केल्याचं उघड झालं, की ब्रिटनचा दरवाजा दहा वर्षं बंद होऊ शकतो. एजंटाचं काय गेलं असतं?

ती गेली नाही. गावात कुजबुज झाली, 'घाबरली असेल', 'घरच्यांनी अडवलं असेल'. एका बाईंनी तर शालीची आठवण काढली.

आमचं म्हणणं एवढंच, की परदेशी खेळायला जाणाऱ्या मुलीची तयारी म्हणजे तिच्या चारित्र्याची राखण नव्हे. तयारी नोव्हेंबरात सुरू व्हायला हवी, कारण तिथला हंगाम एप्रिलच्या मध्याला सुरू होतो. पासपोर्ट तिच्याच कपाटात हवा. २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई-वडिलांपैकी एकाचं नाव चालतं, लग्नाचा दाखलाही लागत नाही. तरी चौकशीला आलेला पोलीस 'वडील कुठे आहेत?' असंच विचारतो. आपल्यापैकी दोघींनी त्या वेळी घरी जाऊन बसावं. क्लबशी झालेली प्रत्येक गोष्ट लेखी हवी : खोली कुणाच्या घरात, दाराला आतून कडी आहे का, जेवण कुणाचं, परतीचं तिकीट कुणाच्या हातात. पाहुण्याच्या व्हिसावर पैसे घेऊन शिकवता येत नाही, हे तिला पाठ हवं. क्लबचा माणूस गोड बोलून विचारील तेव्हा आपण तिथे नसू. विमा काढताना खेळातली दुखापत त्यात धरली आहे का, ते वाचून घ्यावं. पाहुण्याला तिथल्या सरकारी रुग्णालयात भरती व्हावं लागलं, तर बिल नेहमीच्या खर्चाच्या दीडपट येतं. ओल्या मैदानासाठी स्पाइकचे बूट, दोन स्वेटर, पाळीचं सामान हेही आलंच. पांढऱ्या पँटमध्ये दिवसभर मैदानात उभं राहायचं असतं, आणि या विषयावर आपले प्रशिक्षक अजूनही छताकडे बघतात.

त्रास झाला तर कुणाला सांगायचं, हे जाण्याआधी ठरवायचं. क्लबमध्ये तक्रार घेणाऱ्या व्यक्तीचं नाव विचारून घ्यायचं. इथे २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था आणि मैदानंही कामाची जागा मानली आहेत. तरी २०२३ मध्ये कुस्तीगीर मुलींना जंतरमंतरवर बसावं लागलं. तेव्हा 'एकटी हिंडू नकोस' हा उपदेश मुलीला करू नका. दोन फोन नंबर द्या, जे रात्री दोन वाजता उचलले जातील.

आमच्या मुलीपुढे मग सरळ हिशोब आला. इंग्लंडला हौशी म्हणून जायचं तर दोन वर्षं राज्याच्या संघापासून लांब राहायचं, शिवाय खर्च स्वतःचा. तिने नियमांचा कागद घरी नेला, आईला वाचून दाखवला आणि या वर्षी राज्याच्या चाचणीला गेली. निवड झाली. तिच्या मागे नेटवर गोलंदाजी करणारी एक मुलगी आहे, आजवर फक्त कॉलेजकडून खेळलेली. तिच्या तिकिटासाठी आम्ही वर्गणी काढतो आहोत. हाराचे पैसे त्यात घातले आहेत.